हाळी ओढा ओलांडेपर्यंत

हे लिहायला बसलो खरा, पण लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही. मी डॉक्टर नाही. हिंगोलीच्या एका कॉलेजात बी.ए.ला शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, म्हणून घरच्यांना वाटतं याला सगळं कळतं. मला किती कळत नाही हे दवाखान्यात कळलं. शिवाय आजारी मी नव्हतोच. आजारी होते माझे आजोबा, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. दुखणं त्यांचं, तेव्हा सांगायचं तर त्यांनीच, असं मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "तूच लिव. मला लिवता येत न्हाई, आन् तुला गप बसता येत न्हाई."

तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. ज्यांच्या घरी आज एखादं म्हातारं माणूस नाकाला नळी लावून पडलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आमच्या वेळी मला असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

खळ्यावरचा खोकला

आमचं गाव शिरड शहापूरपासून थोडं आत आहे. तूर काढायच्या दिवसांत आमच्याकडे सगळेच खोकतात. मळणीयंत्रातून भुसा उडतो, तो नाकातोंडात जातो, आणि संध्याकाळी प्रत्येक घरातून खोकल्याचा आवाज येतो. त्यावर आमचं औषध ठरलेलं आहे. खळ्यावरून आलं की गुळाचा खडा खायचा. गुळानं घशातली धूळ खाली जाते, असं सगळे मानतात. त्यामुळे आबा खोकायला लागले तेव्हा आईनं गुळाचा डबा पुढं केला, आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. दुसऱ्या आठवड्यातही खोकला होता, तेव्हा गूळ थोडा जास्त दिला. एवढंच.

खरं तर एका माणसाला शंका आली होती. आमच्या रानाच्या कडेनं ओढा जातो. ओढ्यापलीकडं ग्यानबा आजाचं रान आहे. आबांचं नाव मारोती. ते आणि ग्यानबा आजा लहानपणापासून एकमेकांना हाळी देतात. हाळी म्हणजे रानातून मारलेली लांब हाक. पाण्याच्या मोटारीची लाईट आली का, रानडुकरं आली होती का, बाजाराला जायचं का, हे सगळं ओढ्यावरून चालतं. दोघांच्याही घरात आता मोबाईल आहेत. पण ग्यानबा आजा म्हणतो, "फोनमधी निस्ता आवाज येतो. हाळीत माणूस येतो." त्याचे गुडघे गेल्यापासून तो ओढा उतरून येऊ शकत नाही. मध्ये बाभळींची दाटी आहे, त्यामुळे एकमेकांना ते दिसतही नाहीत. त्यांची सगळी दोस्ती आता आवाजावरच आहे.

एका संध्याकाळी आबांनी हाळी दिली, ती अर्ध्यात तुटली. पलीकडून उत्तर आलं, "मारोऽऽत! आवाज गहाण टाकलास का काय रं?"

आम्ही हसलो. आबाही हसले, आणि हसता हसता खाली बसले.

ढवळ्या

त्यानंतर आबांना मोठा ताप आलाच नाही. आला असता तर आम्ही घाबरलो असतो. एका सकाळी ते अंगणात उभे राहिले आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "ढवळ्याला पाणी दावलं का?"

ढवळ्या हा आमचा बैल. मी शाळेत जायच्या आधी तो गेला. आता आमच्याकडे बैलच नाहीत.

दादा म्हणाले, "आबा, कोन ढवळ्या?"

"कोन ढवळ्या म्हंजी? दाव्याला हाय की त्यो. काहून उपाशी ठिवला त्याला?"

आईचा चेहरा उतरला. शेजारच्या कोंडाबाई मावशी आल्या, त्यांनी आबांकडे पाहिलं आणि आईच्या कानाशी लागल्या, "बाहेरचं असंल. आवसंला रानात गेल्ते का?"

त्या दिवशी मी घरी होतो, हे आमचं नशीब. मला काही कळलं होतं असं नाही. आबांच्या ओठांचा रंग जांभळट दिसला आणि पाणी पिताना त्यांना मध्येच थांबून दम घ्यावा लागला, एवढंच मी पाहिलं. आम्ही त्यांना जीपमध्ये घालून जवळा बाजार या गावाला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, छाती नळीनं ऐकली आणि लगेच म्हणाले, "इथं थांबू नका. हिंगोलीला न्या."

हिंगोलीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून आम्हाला दाखवला. दोन्ही बाजूंना कापूस भरल्यासारखं पांढरं दिसत होतं. "दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया आहे. वय झालंय. अवघड आहे, पण आपण प्रयत्न करू."

दादांनी विचारलं, "पण साहेब, ताप तर नव्हता."

"म्हाताऱ्या माणसांना कधी कधी तापच येत नाही. बडबडायला लागतात, जेवण सुटतं, चालताना तोल जातो. तीच खूण असते."

हे वाक्य मी सगळ्यांना सांगतो. घरातलं म्हातारं माणूस अचानक भलतंच बोलायला लागलं, तर बाहेरचं असेल म्हणून अंगारा शोधत बसू नका. आधी दवाखान्यात न्या.

वॉर्डातले दिवस

वॉर्डातल्या दिवसाला एक चाकोरी असते. सकाळी झाडू, मग सुई, मग डॉक्टरांची फेरी, मग चहा. आबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांना बोलायचं असलं की ते मास्क काढायचे, आणि काढला की सिस्टर ओरडायच्या.

"बाबा, मास्क काढायचा नाही!"

"मंग बोलू कसा?"

"बोलू नका."

"मंग जगू कशाला?"

सिस्टर हसल्या. मला ते ऐकून बरं वाटलं, कारण असं उलटं बोलणारे आबा मला दोन दिवसांनी परत दिसले होते. ढवळ्याची चौकशी त्यांनी थांबवली होती.

पण त्यानंतर त्यांची तब्येत पुन्हा ढासळली. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन असाच कमी होत गेला तर मशीनवर घ्यावं लागेल. ते ऐकून नांदेडहून आलेली आत्या जिन्यातच बसली. "मशीनवर घातलेला मानूस परत येत न्हाई. घरी न्या त्याला. आपल्या दारात तरी..."

दादा तिच्यावर जोरात ओरडले. मी त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "तू कोन ठरवनार? तू वरसातून एकदा येनार!"

"म्या येते तरी. तुमी घरात असून दिसलं न्हाई का, बाप खोकून राहिला ते?"

मग दोघंही रडायला लागले. जिन्यातून जाणारी माणसं बाजूनं जात होती. आई आत आबांजवळ होती. मी काय करणार? मी डॉक्टरांकडे परत गेलो आणि अडखळत विचारलं की मशीन म्हणजे सगळं संपलंच का. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली. ते म्हणाले, मशीन म्हणजे थकलेल्या छातीला दिलेला आधार. त्यावरून काही जण परत येतात, काही येत नाहीत. आज तरी लागलेलं नाही, आज आपण त्यांना बसतं ठेवू आणि पाहू. मी हे जसंच्या तसं जिन्यात येऊन सांगितलं. माझ्या शिक्षणाचा त्या दिवशी एवढाच उपयोग झाला. मला न कळलेलं मी दुसऱ्यांदा विचारू शकलो.

मशीन लागलं नाही. आबा पुढं टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ओणवे बसायचे, म्हणजे श्वास सोपा जायचा. बाजूच्या खाटेवरच्या आजीबाईंची सून न विचारता आमच्यासाठीही चहा आणायची. एका दुपारी आबांनी दुधात कुस्करलेली भाकर वाटीभर खाल्ली आणि आत्यानं ती रिकामी वाटी जिन्यात नेऊन दादांना दाखवली. त्यांचं भांडण तिथंच मिटलं.

मध्ये एकदा कपडे आणायला मी गावाकडे गेलो आणि हळदीला पाणी द्यायला रानात उतरलो. संध्याकाळ होत होती. पलीकडून हाळी आली, "मारोऽऽत!"

मी ओरडलो, "आजा, आबा दवाखान्यात हायेत!"

"ठावं हाय मला! मी त्याला न्हाई हाळी देऊन राहिलो. सवयीला देऊन राहिलो!"

जरा वेळानं पुन्हा आवाज आला, पण आता हळू. "पोरा, येईल ना त्यो?"

मी "व्हय" म्हणालो. मला खात्री नव्हती.

माया

ऑक्सिजन सुटून आबा घरी आले तेव्हा आम्हाला वाटलं दुखणं संपलं. खरी कसोटी पुढेच होती, आणि त्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टी देताना सिस्टरनी सांगितलं होतं की रोज थोडं चालवा, थोडं उठवा, आणि श्वास ओढून आतल्या तीन गोळ्या वर उचलायचं ते प्लास्टिकचं यंत्र वापरायला लावा. पण आमच्याकडे आजारी माणसानं जमिनीवर पाय ठेवायचा नसतो. पाणी हातात द्यायचं, घास तोंडात द्यायचा, कूस बदलायलासुद्धा हात लावायचा. आई त्यांना उठू देत नसे. दादा त्यांना न्हाणीत उचलून नेत. ते गोळ्यांचं यंत्र आबांनी एकदा पाहिलं आणि माझ्याकडे फेकलं. "लेकराचं खेळनं मला देता व्हय?"

आणि भेटायला येणारे! दवाखान्यातून आलेल्या माणसाला भेटायला न जाणं म्हणजे आमच्याकडे वैर धरणं. सकाळपासून माणसं यायची. हातात बिस्किटांचा पुडा असायचा. बाजेभोवती बसायची आणि म्हणायची, "सांग बरं मारोती, कसं कसं झालं?" ते पहिल्यापासून सांगावं लागतं. गुळाच्या डब्यापासून ढवळ्यापर्यंत, जिन्यातल्या भांडणापर्यंत. आबा सांगायचे, धापा टाकायचे, पुन्हा सांगायचे. मग कोंडाबाई मावशी म्हणायच्या, "लई खंगलास रं भावा. निस्ती हाडं राहिली." आणि डोळे पुसायच्या. तोवर पुढचे दारात.

काही दिवसांत आबांना पाण्याचा तांब्यासुद्धा एका हातानं उचलेना. बसवलं तर बाजेची कड धरूनच बसायचे. संध्याकाळी बाभळींच्या बाजूनं हाळी यायची, ती घरापर्यंत अगदी पुसट ऐकू यायची. आबा तिकडं तोंड करून पडलेले असायचे.

मी एकदा म्हणालो, "रानात जाऊन मी उत्तर देऊ का?"

"न्हाई." त्यांनी डोळे मिटले. "माझ्या वतीनं तू हाळी दिली, तर ग्यानबाला वाटंल मी गेलो आन् वारस नेमला."

मग तपासणीसाठी आम्ही हिंगोलीला गेलो. डॉक्टरांनी नवा फोटो पाहिला आणि खूश झाले. मग आबांना खुर्चीतून उठायला सांगितलं. आबांना उठता येईना. दादा उचलायला गेले तर डॉक्टरांनी थांबवलं. "तुम्ही नाही. त्यांना उठू द्या." आबा पुन्हा उठायला गेले आणि खुर्चीत पडले. डॉक्टर दादांना म्हणाले, "फुफ्फुसं सुधारलीत. पण तुम्ही यांचे पाय घालवलेत. नुसतं पडून राहिले तर छातीसुद्धा पुन्हा भरेल."

परतीच्या वाटेवर जवळा बाजार आला. तिथं जीप थांबली, माणसं चढली-उतरली. मग आबा म्हणाले, "तुमी मला मायेनं मारून राहिलात."

दादा खिडकीबाहेर बघत राहिले. आईनं पदर तोंडाला लावला. आबांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नगं. उद्यापासून मला कमी जीव लाव, म्हंजी झालं."

भेटायला आलात, तर चला

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या आल्या त्या कोंडाबाई मावशी. बसायला पोतं ओढलं, तोच आबा म्हणाले, "बसू नगं. ऊठ."

"आता गं बाई! काय झालं?"

"भेटायला आलीस ना? मंग मला चालव. गोठ्याच्या खुंट्यापातुर."

"अरं पन पडलास म्हंजी?"

"पडलो तर तुझ्याच नावानं पडंन. धर हात."

मावशींनी हात धरला. आबा उभे राहिले, थरथरले, आणि निघाले. खुंटा आमच्या ओसरीपासून कितीसा लांब! पण तिथं पोचल्यावर त्यांनी खुंट्याला असं धरलं जणू औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाचा खांबच. मावशी रडायच्या विसरल्या होत्या.

त्या दिवसापासून आमच्या घरी रीत बदलली. जो भेटायला येईल त्यानं आबांना चालवायचं. बसून विचारपूस बंद. आबांनी आणखी एक नियम केला. "चालताना मी बोलनार न्हाई, मला दम लागतो. तुमीच बोला. तुमच्या घरचं सांगा." त्यामुळे त्यांना रोज तेच दुखणं उगाळायला लागेना. उलट गावातल्या सगळ्या बातम्या त्यांच्याकडे जमा व्हायला लागल्या. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची बोअर आटली, कुणाच्या सुनेनं सासूला काय ऐकवलं. काही माणसं भेटायला यायची बंद झाली, हेही खरं. आबा म्हणाले, "बरं झालं. ती बिस्किटं मोजायला येत व्हती."

खुंट्यानंतर हापसा झाला. हापशानंतर शाळेची भिंत. तिथून पुढं पिठाच्या गिरणीपर्यंत मजल गेली, आणि गिरणीवाल्यानं त्यांच्यासाठी दारात कायमची खुर्ची ठेवली. सिस्टरनी शिकवलेला श्वास मी त्यांना परत दाखवला. नाकानं घ्यायचा, आणि ओठ चंबू करून हळूहळू सोडायचा. त्यांनी त्याला चहाची युक्ती असं नाव दिलं, कारण बशीतला चहा गार करताना आपण तसंच करतो. जिथं दम लागेल तिथं थांबून ते चहा गार करायचे. ते फेकलेलं यंत्रही त्यांनी एक दिवस मागून घेतलं. त्यातली तिसरी गोळी वर जात नव्हती. तिला ते "ग्यानबा" म्हणायचे. "दोन वर येत्यात. ग्यानबा काय हलंना."

वाईट दिवसही आले. एकदा वारं सुटलं, खोकला वाढला, आणि ते दोन दिवस पुन्हा बाजेवरच राहिले. तेव्हा त्यांनीच सांगितलं, "आज न्हाई चालत. छाती न्हाई म्हनती." चालायचं कधी आणि थांबायचं कधी, हे ते स्वतःच ठरवायला लागले होते. औषधाची वेळ झाली की तेच आईला हाक मारायचे. खळ्याकडून जायचं असलं तर नाकाला ओला रुमाल बांधायचे आणि आम्हालाही बांधायला लावायचे. खोकला आला की आईही गुळाच्या डब्याकडे न जाता आधी त्यांच्या ओठांकडे बघायची.

शेवटी एका संध्याकाळी आम्ही पांदणीच्या वाटेनं रानात पोचलो. आबा बांधावर उभे राहिले. पलीकडून नेहमीची हाळी आली. आबांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि खोकल्याची अशी उबळ आली की मी त्यांना धरून खाली बसवलं. बराच वेळ ते चहा गार करत बसले.

"मी सांगू का त्यांना की तुमी आलात म्हनून?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई. मी आलो का न्हाई, ते माझा आवाज सांगंल."

पलीकडून आणखी एकदा हाळी आली, आणि मग शांत झालं.

परीक्षा

माझी परीक्षा जवळ आली. मला जावंसं वाटत नव्हतं. आबा म्हणाले, "जा. हितं काय माझा दम मोजत बसतोस? तुझा पेपर मी लिवनार हाय का?"

हिंगोलीत आम्ही तिघं मित्र एका खोलीत राहतो. रोज पेपर झाला की मी आईला फोन करायचो. माझा पेपर कसा गेला हे ती विचारायची, आणि मी एकच विचारायचो.

"गेल्ते का रानात?"

"गेल्ते."

"दिली?"

"न्हाई रं. खोकला येतो. बसत्यात, आन् येत्यात परत."

प्रत्येक दिवशी हेच. एकदा मी म्हणालो की राहू दे, चालतात, जेवतात, एवढं पुष्कळ आहे. आई म्हणाली, "त्यांना सांगून बघ." मी सांगितलं नाही.

शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी मी खोलीवर पुस्तकं बांधत होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलला, तर आधी एका बाईचा आवाज, "अवो मामंजी, असा धरा, उलटा न्हाई," आणि मग कानठळ्या बसतील असा आवाज. ग्यानबा आजा. आयुष्यात पहिल्यांदा फोनवर बोलत होता, आणि हिंगोली ओढ्यापलीकडंच आहे असं समजून ओरडत होता.

"पोरा! आली रं!"

"काय आली, आजा?"

"हाळी आली! मारोतीची! आत्ता! मी बांधावरच व्हतो."

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली.

"पुरी न्हाई आली, खोटं काहून बोलू. निस्तं 'ग्या' आलं. 'नबा' वढ्यातच पडलं." तो हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. "पन त्योच व्हता. मी वळखतो. रानातली हळद काढून शिजायला लागस्तोवर बाकीचं बी येईल!"